हाफ-टन पिकअप आणि २८ फुटी ट्रेलर: जमतं, की ओढूनताणून जमवतात?

टेक्सन_तात्या
उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एकच प्रश्न फिरायला लागतो: "माझ्या एफ-१५० ला (किंवा सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्राला) हा ट्रॅव्हल ट्रेलर (राहण्याची सोय असलेला) झेपेल का?" उत्तरही ठरलेलं. "ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, ट्रेलर ५६०० पौंडांचा आहे, बिनधास्त घे." माझ्या मते या दोन्ही आकड्यांवर ट्रेलर घेणं चूक आहे, आणि ट्रेलरवर 'हाफ-टन टोएबल', म्हणजे या हलक्या वर्गातल्या पिकअपला ओढता येईल, असा शिक्का मारून विकणं ही निव्वळ दिशाभूल आहे.

ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते छापलेलं असतं. तो तुमचा पेलोड. समजा १५२० पौंड आहे. नवरा-बायको आणि दोन वाढती मुलं, ५८०. मागे बेडमध्ये, म्हणजे उघड्या हौद्यात, कूलर, जनरेटर, खुर्च्या, १५०. ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या, भार वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं स्वतःचं वजन ९०. उरले ७००. ट्रेलरचा जो भार हिचवर टेकतो, म्हणजे टंग वेट, तो या ७०० मध्ये बसायला हवा.

आता ट्रेलरकडे या. ५६०० हे ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, सिलिंडरमधला गॅस नाही, बहुतेकदा बॅटरीही नाही. तुमचा कुकर आणि तांदळाची पिशवी तर नाहीच नाही. ४० गॅलन पाणीच ३३० पौंडांच्या वर जातं. संसार भरून निघालेला हा ट्रेलर ६८०० च्या आसपास जातो. त्याचं १० ते १५ टक्के वजन टंगवर असावंच लागतं. १३ टक्के धरले तर ८८४. जागा ७०० ची! ओढायची ताकद चार हजार पौंड शिल्लक आणि पेलोड मात्र संपलेला.

मग ते ११,००० आले कुठून? ट्रकची ओढण्याची मर्यादा ठरवायची एसएई जे-२८०७ नावाची चाचणी आहे. तिच्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं धरतात आणि टंग वेट १० टक्के. म्हणजे ११०० अधिक ३००, शिवाय हिचचे ७०. झाले १४७०. मुलं घरी, बेड रिकामा. अशी कोणती मराठी फॅमिली कॅम्पिंगला जाते?

घाटमाथा
असहमत. तात्या, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष भित्रा आहे.

एक तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच नीट लावली की टंगचा काही भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत जातो आणि काही ट्रकच्या पुढच्या चाकांवर. सगळे ८८४ ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर बसत नाहीत. दुसरं, त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. त्यांची बेरीज करा, ती ट्रकच्या एकूण वजनमर्यादेपेक्षा बरीच जास्त भरते. मग खरं बंधन कुठलं, ॲक्सल आणि टायरचं की कागदावरच्या बेरजेचं?

मी कोलोरॅडोत राहतो. भरलेला ट्रेलर घेऊन कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, जातो, चिठ्ठी घेतो. दोन्ही ॲक्सल मर्यादेत, टायर मर्यादेत. पेलोड दीडशे पौंडांनी ओलांडलेला. मला झोप लागते.

टेक्सन_तात्या
हिच भार वाटून देते, ट्रकची मर्यादा वाढवत नाही. आणि एकूण मर्यादा ठरवताना कंपनी ब्रेक, फ्रेम, सस्पेन्शन सगळं बघते. ॲक्सलची बेरीज त्यातला एक भाग. दीडशे पौंड चालतात तर दोनशे का नाहीत, तीनशे का नाहीत? रेघ तुम्ही ठरवणार?

घाटमाथा
हो, वजनकाट्याची चिठ्ठी हातात घेऊन मीच ठरवणार. तुम्ही अंदाजे १३ टक्के धरून ठरवताय.

सांगलीकर
मी इथूनच वाचतोय आणि हसतोय. आमच्याकडे गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या जातात. कसला स्टिकर अन् कसलं काय! १८४ पौंड म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलो. एक भावोजी खाली उतरवा, प्रश्न मिटला.

हायवेवाली
सांगलीकर, तो ट्रॅक्टर रमतगमत जातो आणि त्याच्या मागे अख्खं गाव हळू चालतं. इथे शेजारून अठरा चाकी ट्रक ७५ मैलांनी निघून जातो, त्याच्या हवेचा लोट आधी ट्रेलरला ढकलतो, मग ओढतो.

तात्या आणि घाटमाथा दोघंही वजनावर अडलेत. माझ्या अनुभवात घाम फुटतो तो लांबीमुळे. २८ फूट म्हणजे आडव्या वाऱ्यासाठी मोठी भिंत. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लारामी ते रॉलिन्स हा पट्टा एकदा करून बघा, ट्रेलर हलका असला तरी वारा सोडत नाही. एकाच वजनाचे २२ फुटी आणि २८ फुटी ट्रेलर ओढायला अजिबात सारखे नसतात. आणि ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड असेल तर शेपूट मालकाला हलवते.

मी हाफ-टनच्या बाजूची आहे, पण वेग ६० च्या आसपास ठेवून. ट्रेलरच्या बऱ्याच एसटी (स्पेशल ट्रेलर) टायरची मर्यादाच ६५ मैल असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की कायद्यानेच ५५. बाकी राज्यांत लोक ७५ ने पळवतात आणि मग दोष ट्रकला.

नवा_गडी
बाळबोध प्रश्न. टंग वेटच जास्त होतंय ना? मग ट्रेलरमधलं जड सामान मागच्या टोकाला ठेवलं तर टंग हलकी होऊन पेलोडमध्ये बसेल की!

हायवेवाली
नको! कृपा करून नको. टंग १० टक्क्यांच्या खाली गेली की ट्रेलर डोलायला लागतो, आणि वेग वाढेल तसं डोलणं वाढतं. मागच्या बंपरवर चार सायकली टांगणारेही नकळत हेच करतात. जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे आणि खाली. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे तेही बघून घ्या, ती भरल्यावर टंग बदलते.

आणि डोलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तो खटका कुठे आहे हे घरासमोर उभं असतानाच शोधून ठेवा.

घाटमाथा
ताईंना +१. या एका मुद्द्यावर तात्याही माझ्याशी भांडणार नाहीत.

डिझेल_दादा
एवढा काथ्याकूट कशाला? तीन-चतुर्थांश टनाचा डिझेल घ्या, एफ-२५० किंवा २५०० वाला. विषय संपला.

टेक्सन_तात्या
दादा, संपत नाही. त्या वर्गातल्या बऱ्याच ट्रकची एकूण मर्यादा १०,००० पौंडांवर बांधलेली असते आणि डिझेल इंजिन स्वतःच जड. सगळ्या चैनीच्या सोयी भरलेला डिझेल घेतलात तर पेलोड दोन हजारांच्या जेमतेम वर, कधी त्याच्याही खाली. साध्या ट्रिमच्या एखाद्या हाफ-टनचा पेलोड त्याच्या बरोबरीला येतो. सनरूफ, पॉवर स्टेप, मोठी चाकं, हे सगळं तुमच्याच पेलोडमधून वजा होतं. ट्रकचं नाव बघून काही कळत नाही, दार उघडावंच लागतं.

डिझेल_दादा
पण घाटात? आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे एक तृतीयांश गेली. तिथे माझा डिझेल गाणी म्हणत चढतो.

घाटमाथा
चढणीला फार तर ४० ने जाल, धोक्याचे दिवे लावून उजव्या लेनमध्ये. एफ-१५० च्या टर्बो इंजिनांना उंचीचा तितका त्रासही नाही. खरी परीक्षा बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर. तिथे सात टक्क्यांचा उतार आहे. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग), खालचा गिअर, ब्रेक अधूनमधून. डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनच वेग आवरतं) कौतुक मी मान्य करतो, पण वर्षाकाठी दोन-तीन वेळा कॅम्पिंग करणाऱ्याने रोज ऑफिसला एवढं धूड चालवायचं?

वकील_नाही_पण
पेलोड ओलांडला असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. लक्षात ठेवा.

घाटमाथा
पॉलिसीतलं कलम दाखवा. हे वाक्य सगळे म्हणतात, कलम कोणी दाखवत नाही.

वकील_नाही_पण
कलम नसेलही. पण समोरच्याने कोर्टात खेचलं तर त्याचा वकील पहिला फोटो त्या पिवळ्या स्टिकरचा लावेल. तुमची चिठ्ठी, जी तुम्हीच आनंदाने घेतलीत, दुसरा.

नवा_गडी
सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय. मग माझ्यासारख्याने नेमकं करायचं काय? ट्रक घेऊन झालाय, पेलोड १४८०. बायकोला बंकबेडवालाच हवा.

टेक्सन_तात्या
उलटं गणित करा. माणसं, बेडमधलं सामान आणि हिच वजा करा. उरलेल्याला ०.१३ ने भागा. ७०० उरले तर उत्तर ५४०० च्या जवळ. ट्रेलरच्या स्टिकरवरची कमाल वजनमर्यादा याच्या आत हवी, ड्राय वेट नव्हे. या वजनात बंकबेडवाले छोटे ट्रेलर मिळतात. स्वयंपाकघर चिंचोळं असतं, एवढंच. पाणी कॅम्पग्राउंडवर पोचून भरा. रिसीव्हरवरचाही (ट्रकच्या मागे हिच बसते तो भाग) स्टिकर वाचा, त्यावर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असताना आणि नसताना अशा दोन वेगळ्या मर्यादा असतात.

घाटमाथा
मी ६००० पर्यंत जाऊ देईन. मात्र पहिल्याच ट्रिपला, सगळी माणसं आत बसवून, कॅट स्केलवर दोनदा: एकदा ट्रेलरसकट पण वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार न लावता, एकदा ट्रेलर सोडून. दोन चिठ्ठ्यांतून खरं टंग वेट निघतं. १३ टक्के की १५, तिथे कळेल.

टेक्सन_तात्या
६००० ला १५ टक्के निघाले तर ९००.

घाटमाथा
आणि ११ निघाले तर ६६०. म्हणून तर म्हणतो, तोलून बघा.