मदत हवी आहे: जुन्या पुस्तकातला अंड्यांचा पदार्थ पाणी सोडतोय, रविवारच्या आत सांगा

गंगावेस_लेक
नमस्कार मंडळी. आजीच्या ट्रंकेत पाककृतींचं जुनं पुस्तक सापडलंय. त्यातला अंड्यांचा पदार्थ करतेय आणि तीनदा फसलाय. पहिल्यांदा पातळच राहिला, दुसऱ्यांदा तळाला पाणी आणि वर जाळी, काल तर पार फुटला. पुस्तकात आहे तस्संच केलंय. अंडी ताजी होती. रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे आणि आजीच्या हातचं ते त्यांना एकदा परत खायचंय. आज बुधवार. लवकर सांगा प्लीज.

तांबडा_रस्सा
ताई, पाणी सोडतंय म्हणजे वाटण कच्चं राहतंय. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजा, तीळ-खसखस त्यातच घ्या. घरची चटणी दोन चमचे, तेल सुटेपर्यंत परता. रश्श्याला खळाखळा उकळी आली की गॅस बारीक करून अंडी एकेक फोडून कडेनं सोडायची. पळी अजिबात लावायची नाही. पाच मिनिटं झाकण. आमच्या आईचं कालवण असंच, अंडं फुटायची बिशाद नाही.

गंगावेस_लेक
कालवण नाही हो दादा, गोड आहे. अंड्यांचं पुडिंग. लिहायचं राहिलं.

सायसाखर
कशात शिजवलं? किती वेळ? दूध गरम घातलं की गार? आच केवढी होती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गंगावेस_लेक
डब्यात घालून कुकरमध्ये. पहिल्यांदा दोन शिट्ट्या, मग जास्त ठेवलं, काल चार शिट्ट्या. दूध कट्ट्यावरचं (जिथे समोर पिळून देतात) म्हशीचं, तापवून कोमट केलेलं.

सायसाखर
शिट्ट्या! तिथेच घोळ आहे. दुधात कालवलेलं अंडं ८० ते ८५ अंशांच्या आसपास थिजतं. कुकरात वाफ कोंडली की आत १२० अंशांपर्यंत जातं. मग अंडं आवळून येतं आणि धरलेलं पाणी सोडून देतं. तुमची जाळी आणि तळाचं पाणी हे त्याचंच. कुकरची शिट्टी काढून ठेवा, किंवा साध्या पातेल्यात पाणी घ्या, तळाला फडक्याची घडी, त्यावर डबा. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उकळायला नको. डब्यावरही फडकं बांधा, नाहीतर झाकणाचे थेंब आत पडतात.

ओव्हनवाली
हे सगळं कशाला? ओव्हनमध्ये १६० वर, ट्रेमध्ये गरम पाणी घालून पाऊण तास. दहा वर्षं करतेय, एकदाही बिघडलं नाही.

सायसाखर
त्यांच्याकडे ओव्हन आहे असं त्यांनी कुठे म्हटलंय? आणि आजीच्या काळी वर ताटात निखारे ठेवायचे. वाफेवरची चव वेगळी.

ओव्हनवाली
वर-खाली विस्तव म्हणजे ओव्हनच की! खालून चूल, वरून निखारे. वाफेवर वरची तांबूस साय कधीच येत नाही. आजीचं पुडिंग वरून तांबूस असायचं का, ते बाबांना विचारा आधी.

शाकाहारी_सुगरण
अंडी न घालताही होतं. १० ग्रॅम चायना ग्रास पाण्यात विरघळवून अर्धा लिटर आटवलेल्या दुधात मिसळा, फ्रिजमध्ये ठेवा. खरवसासारखं लागतं. घरात उपवासवाल्यांनाही चालतं.

गंगावेस_लेक
ताई, बाबांना अंड्यांचंच हवंय.
वाफेवर पुन्हा केलं आत्ताच. जाळी नाही, पाणी नाही, पण पातळच. चाळीस मिनिटं ठेवूनही पळीवाढं. म्हणजे पहिल्यांदासारखंच. आता काय?

गावरान_कोंबडी
अंडी कुठली? पोल्ट्रीची असणार. त्या अंड्यांत काही राम नाही. आजीच्या काळी दारातल्या कोंबडीची अंडी, बलक केशरी. शनिवारी बाजारातून गावरान आणा, पुडिंग दगडासारखं बसेल.

सायसाखर
उलट होईल. गावरान अंडं ३५-४५ ग्रॅमचं, पोल्ट्रीचं ५०-५५ चं. पोल्ट्रीच्या चार अंड्यांनी जे घट्ट होत नाही ते गावरान चारांनी कसं होईल? रंग आणि चव म्हणाल तर मान्य.

गावरान_कोंबडी
पुस्तकी हिशेब आहे हा. खाऊन बघा, मग बोला.

मापटं_चिपटं
भांडण नंतर करा. मुलगी, पुस्तकात शब्दन् शब्द काय लिहिलंय ते इथे उतरव बघू. "पुस्तकात आहे तस्संच" म्हणतेस, पण पुस्तकात काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही. आणि पुस्तकावर किंमत किती छापलीय?

गंगावेस_लेक
काका, कव्हर नाही. आतल्या पानावर "किंमत २ रुपये ८ आणे". कृती अशी:
"अंडी ४, दूध १ शेर, साखर अदपाव, वेलदोडे ४, जायफळ चवीपुरते. अंडी फेसून दुधात मिळवावी, साखर विरघळवावी, फडक्यातून गाळावे. डब्यास तूप लावून त्यात ओतावे व वर-खाली मंद विस्तव ठेवावा."
१ शेर म्हणजे ९३३ ग्रॅम असं सापडलं, म्हणून दूध ९३० मिली घेतलं. अदपाव म्हणजे शेराचा आठवा भाग, म्हणून साखर ११६ ग्रॅम. वजनकाट्यावर मोजून.

मापटं_चिपटं
सापडलं एकदाचं.
आण्यात किंमत म्हणजे पुस्तक १९५७ च्या आधीचं, तेव्हा नवे पैसे आले नव्हते. दशमान वजनं तर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. आमचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान होतं, वडिलांच्या तोंडून हे हजारदा ऐकलंय. ८० तोळ्यांचा तो पक्का शेर, तोच तुझा ९३३ ग्रॅम. पण कच्चा शेर त्याहून खूप लहान, आणि गावोगावी निराळा. मुंबईकडचा जुना शेर तर जेमतेम ३०० ग्रॅमच्या थोडा वर. शिवाय धान्य वजनावर नव्हे, मापानं जायचं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. नुसतं "शेर" लिहिलं की कुठला, हे लिहिणारीला आणि वाचणारीला दोघींनाही माहीत असायचं.
आता हे बघ. शेर लहान धरलास की अदपाव साखरही त्याच प्रमाणात लहान होते, म्हणून गोडी सारखीच लागते आणि चूक ध्यानात येत नाही. अंडी मात्र चारची चारच राहतात. लिटरभर दुधाला चार अंडी, कशी धरणार?

सायसाखर
काका, बरोबर! कापता येईल असं पुडिंग हवं तर साधारण १०० मिली दुधाला एक मोठं अंडं लागतं. तुमचा तो मुंबईकडचा लहान शेर धरला तर दूध साधारण ३२० मिली, त्याला पोल्ट्रीची तीन किंवा गावरान चार. कृतीतली चार अंडी गावरानच असणार, चोख बसतं. गावरान_कोंबडी, तुमचंही खरं निघालं.

ओव्हनवाली
की दूध आटवून निम्मं करायचं होतं आणि लिहायचं राहिलं? जुन्या कृतींत अर्ध्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात.

मापटं_चिपटं
तसंही असू शकतं. म्हणून एक कर. त्याच पुस्तकात भाताची कृती काढ आणि "एक शेर तांदूळ" किती माणसांना सांगितलाय ते बघ.

तांबडा_रस्सा
काका, तुमच्या दुकानात चटणीचे कांडप होते का? आमची आजी लक्ष्मीपुरीत मिरच्या घेऊन यायची, ब्याडगी आणि लवंगी मिसळून. आता डंकावर रांग लागते नुसती.

मापटं_चिपटं
कांडप नव्हतं, तांदूळ-गूळ होता. आणि दादा, त्या काळी लवंगी नव्हे, संकेश्वरी घ्यायचे आमच्याकडे.

तांबडा_रस्सा
ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. संकेश्वरी नुसती वासाला.

गंगावेस_लेक
मिरच्या नंतर! मिळालं: "मसालेभात. तांदूळ १ शेर, चार माणसांस पुरेल."

मापटं_चिपटं
किलोभर तांदळाचा भात चार माणसांना होत नाही, तालमीतल्या गड्यांचं असलं तर गोष्ट वेगळी. ३०० ग्रॅमचा बरोबर चौघांना होतो. तुझ्या पुस्तकातला शेर कच्चा आहे.

सायसाखर
मग असं कर: दूध ३२० मिली, गावरान अंडी ४ नाहीतर पोल्ट्रीची ३, साखर ४० ग्रॅम. अंडी फार फेसू नकोस, फेस आला की बुडबुडे तसेच थिजतात. पुस्तकात "फेसून" म्हटलंय ते नुसतं एकजीव करण्याएवढं धर. दूध कोमट, साय काढलेली, आणि गाळणं विसरू नको. पंचवीस-तीस मिनिटांनी डबा हलवून बघ, मधला भाग हलका डुलला की उतरव, निवताना उरलेलं धरतं. पूर्ण गार झाल्याशिवाय पालथं घालू नको.

गूळप्रेमी
साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घाला, रंग सुंदर येतो.

सायसाखर
गरम दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती. रविवारच्या आधी हा प्रयोग नको.

गंगावेस_लेक
(रविवार रात्र) उशिरा लिहितेय, माफ करा. शनिवारी गावरान अंडी आणली, रात्री वाफेवर केलं. एकसंध बसलं. कडेला थोडी जाळी आली, पाणी एकदा उकळलं माझ्या हातून. सकाळी ताटात पालथं घातलं तेव्हा फुटलं नाही. बाबांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. वरून तांबूस असायचं का विचारलं. म्हणाले, हो, असायचं, आणि आई जायफळ जास्त घालायची. मापटं काका, तुमचे खूप आभार. तुमच्या शेराशिवाय मी अजून पातेली घासत बसले असते.

ओव्हनवाली
तांबूस असायचं ना! पुढच्या खेपेला वरून निखारे ठेव. जायफळ थोडं जास्त किसून घाल.

मापटं_चिपटं
बाबांना माझा नमस्कार सांग. त्या पुस्तकात अंड्यांचं आणखी काय काय आहे?

गंगावेस_लेक
अंड्यांचे कटलेट, अंड्यांची कढी, आणि एक पान अर्धं फाटलंय, त्यावर नुसतं "खिमा भरलेली अंडी, मैदा पाऊण शेर" एवढंच वाचता येतंय.