मदत हवी आहे: ऑगनेसॉनचं अर्धायुष्य दहापट कमी का येतंय?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पात अतिजड अणुकेंद्रकांच्या अल्फा ऱ्हासाचं (केंद्रकातून अल्फा कण, म्हणजे हीलियमचं केंद्रक, बाहेर पडतं त्याचं) गणित करतोय आणि ऑगनेसॉन-294 वर (118 क्रमांकाचं मूलद्रव्य) अडकलोय.

रशियातल्या दुबनाच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत अल्फा कणाची ऊर्जा साधारण 11.65 एमईव्ही आणि अर्धायुष्य 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास मिळालं. आधी मी हीच ऊर्जा क्यू (ऱ्हासात सुटणारी एकूण ऊर्जा) म्हणून वापरत होतो. अल्फा सुटताना मागे रेटल्या जाणाऱ्या उरलेल्या केंद्रकाचा, लिव्हरमोरियम-290 चा, वाटा धरला की क्यू 11.81 होतो, आणि एवढ्याशा फरकाने व्हायोला-सीबोर्ग सूत्राचं (क्यू आणि अणुक्रमांकावरून अर्धायुष्य देणारं अनुभवजन्य सूत्र) उत्तर 1.5 वरून 0.64 मिलिसेकंदावर येतं. इथवर खूश होतो.

खरी गोची डब्ल्यूकेबीत (अल्फा अडथळ्यातून बोगदा काढून निसटण्याची शक्यता काढायची अंदाज-पद्धत) आहे. केंद्रकाच्या आत सपाट विभवविहीर, बाहेर शुद्ध कूलोम (विद्युत प्रतिकर्षणाचा) अडथळा, त्रिज्येसाठी आर-शून्य (त्रिज्या = आर-शून्य × वस्तुमानांकाचं घनमूळ, यातला स्थिरांक) 1.2 फेम्टोमीटर (जनक केंद्रक आणि अल्फा, दोन्हींच्या त्रिज्यांची बेरीज नाही, लिव्हरमोरियम आणि अल्फा यांची). उत्तर येतं 0.06 मिलिसेकंद! आर-शून्य 1.25 केलं तर ते आणखी पाचपट घटतं.

अल्फा आधीच तयार असतो असं मी धरलंय, म्हणजे पूर्वघडण गुणांक 1. तो 0.09 घेतला की सगळं जुळतं, पण ही तर उत्तर बघून केलेली जुळवाजुळव झाली. पोलोनियम-212 वरून काढलेला गुणांक इथे चालेल का? ते केंद्रक शिसे-208 च्या बंद कवचाला चिकटून आहे, म्हणून धीर होत नाही. की आधी सपाट विहिरीऐवजी वूड्स-सॅक्सन विभव (कडेला हळूहळू उतरणारं) घालून बघू? टेनेसीन-293 सारख्या विषम वस्तुमानांकाच्या केंद्रकांचं तर पुढचं पुढे.

कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. कोड पायथनमध्ये आहे, हवा तर टाकतो.