पाय दोन्हीकडे सारखे नकोत
स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, हलवता येणारी लाकडी भिंत बनवताना खिळ्यांऐवजी नट-बोल्ट लावा म्हणजे ती उकलून हलवता येईल, असं सांगतात ते पूर्ण पटलं. पण तिचे पाय दोन्हीकडे फूट-फूट बाहेर ठेवायचा सल्लाही देतात, तो भिंतीवर अवजारं टांगणार असाल तर घेऊ नका. करवती, रंधे, शिकंजे (क्लॅम्प) एकाच अंगाला लटकले की भार तिकडेच सरकतो. सहा फुटी भिंतीला त्या बाजूचा पाय दीड-दोन फूट बाहेर हवा, शिवाय तिरपा टेकू. मागचा आखूड चालतो, त्यावर रेतीचं पोतं टाका.

आमच्याकडे गोंदिया जिल्ह्यात खरा प्रश्न हवेचा. कामाची छपरी (शेड) दोन बाजूंनी उघडी, मे महिन्यात वादळ सुटलं की 8 बाय 4 फुटांची प्लायवूड शीट शिडासारखी वारा धरते. म्हणून मी एकच लांब भिंत न करता दोन पल्ले बिजागऱ्यांनी जोडून काटकोनात उभे करतो. आणि सागाच्या फळ्या वापरणार असाल तर उन्हाळ्यात चिटकून ठोकू नका, पावसाळ्यात त्या रुंदीत फुगतात. मधे बारीक फट सोडा. प्लायला ही भीती फारशी नाही. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे लावा, ओल आणि उधई (वाळवी) लाकडापासून जरा दूर राहते.