पॅशनला मराठी शब्द : ध्यास, हौस, वेड की अजून काही?

केतकीपान
एका वर्कशॉपची पुस्तिका मराठीत करतेय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडकलेय. आशय असा की काम असो, डेटिंग असो की घरातली नाती, माणसानं पॅशन आणि ह्यूमर घेऊन जगावं. मी लिहिलं 'ध्यासाने आणि विनोदबुद्धीने जगा'. तपासणाऱ्या बाईंनी ध्यासाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'ध्यास संतांना असतो, पहिल्या भेटीला निघालेल्या मुलाला नाही.' मला ते लागलं. बाबा रेडिओ उघडून बसायचे, मागचं झाकण काढलेलं, तोंडात स्क्रू धरलेला, जेवायला तीन हाका मारल्या तरी उठायचे नाहीत आणि आई म्हणायची, 'ध्यासच घेतलाय यांनी'. त्यात कौतुक होतं, संतबिंत काही नव्हतं. ध्यास खरंच इतका जड शब्द आहे का? आणि तिन्हीकडे चालेल असा दुसरा कुठला आहे?

जुना खडू
बाईंचं बरोबर आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदातली पायरी आठवा, ध्यास त्याच घरातला. ज्याचा ध्यास घेतला ते मिळेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. 'उत्कटता' घ्या, चांगला कमावलेला शब्द आहे.

रानपाखरू
खडूकाका, उत्कटता कवितेत शोभते हो, पण आमच्या ऑफिसात कोणी 'मी उत्कटतेनं काम करते' म्हणाली तर सगळे वळून बघतील. माझं मत हौसेला. हा शब्द अरबी 'हवस' वरून फारसीतून आपल्याकडे आला, हिंदीत त्याची पार वासना झाली आणि मराठीत मात्र तो इतका निर्मळ राहिला की आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना हौस असते. हौसेला मोल नाही म्हणतो ते उगाच नाही.

सरळरेघ
कामाच्या बाबतीत हौस मार खाते पण. हौशी नट म्हणजे व्यावसायिक नसलेला. मी बारा वर्षं सुतारकाम करतोय, मला कोणी हौशी सुतार म्हटलं तर मी त्याला आधी खाचेत बसलेला सांधा दाखवीन. आणि वेड म्हणाल तर ते कामात चालतं, प्रेमात चालतं, पण नात्यात 'वेड्यासारखा वागतो' ही तक्रार असते. सरळ पॅशन लिहा ना, सगळे बोलतात तेच.

जुना खडू
सगळे बोलतात म्हणून लिहायचं असेल तर भाषांतर कशाला करायचं? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा दरबारी मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती. मेयरला सावरकरांनी महापौर दिला, लोकांना आधी परका वाटला असेल, आज कोणाला खटकतो? शब्द वापरला की रुळतो, आधीच हार मानली तर कसा रुळेल.

सरळरेघ
काका, मान्य, महापौर रुळला. पण इतका कोश होऊनसुद्धा हौस, शौक, मस्करी हे गेले का? राहिलेच, कारण ते आपले झाले होते. पन्नास वर्षांनी पॅशनबद्दल पण कोणीतरी असंच म्हणेल.

समईवात
पॅशन ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ सोसणं. पेशंट म्हणजे रोगी, तो पण त्याच मुळाचा, आणि येशूच्या यातनांना इंग्रजीत अजून पॅशनच म्हणतात. म्हणून मला वाटतं आपण सुखाच्या शब्दांत शोधतोय तेच चुकतंय. मराठीत सोसण्याच्या बाजूचे शब्द भरपूर आहेत, तळमळ बघा, रात्री झोप न लागता कुशी बदलतो तीच तळमळ आपण 'तळमळीचा कार्यकर्ता' मध्ये वापरतो.

केतकीपान
हे सुंदर आहे पण 'डेटिंगमध्ये तळमळ' लिहिलं की वाचणारा म्हणेल त्याला नकार आलाय 😊

अर्धविराम
उशिरा आले, पण एक सांगू का, तुम्ही सगळे नाम शोधताय आणि मराठी हे काम क्रियापदाला देते. जीव घ्या. कामात जीव ओततो, एखाद्यावर जीव जडतो, आपल्या माणसांना जीव लावतो. तीन जागा, जीव एकच. आणि गंमत बघा, ओततो आणि लावतो मध्ये मी करणारी आहे, पण जडतो मध्ये मी कोणीच नाही, जीव आपला आपण जडतो, मला फक्त कळतं. समईवात म्हणतायत ते सोसणं हेच. माझी एक मैत्रीण कित्येक महिने डेटिंग ॲपवर लोकांना भेटत होती, प्रत्येकाशी छान बोलायची, हसवायची, आणि मला फोनवर म्हणाली, 'सगळं जमतं गं, जीव जडत नाही'. त्या वाक्यात पॅशन घालून बघा, बसत नाही.

जुना खडू
हे मात्र पटलं. जिव्हाळाही आठवला. जिव्हेशी संबंध असावा, ओलावा आहे ना त्यात.

सरळरेघ
जिव्हेचा नाही काका, जीवाचाच. पटाशीचा फटका नखाखालच्या कोवळ्या मांसाला बसला की आम्ही जिव्हाळी लागलं म्हणतो. बसलाय मला, तेव्हा समजलं जीव नेमका कुठे असतो.

केतकीपान
अर्धविराम, रडवलंत. पण बाईंना एकच नाम हवंय, मथळ्यात टाकायला, आणि तिथे तीन क्रियापदं मावणार नाहीत.

रानपाखरू
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघितलात का?

सरळरेघ
त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, डेटिंगसाठी तो काय देणार? तसं डेटिंगला तरी आपल्याकडे शब्द कुठाय, सूत जुळलं म्हणजे झालेलं काम, प्रकरण आणि लफडं म्हणजे बदनामी. नुसतं भेटून बघतोय, अजून काही ठरलं नाही, याला काहीच नाही.

समईवात
आणि विनोदबुद्धी सगळ्यांनी गुपचूप सोडून दिली! मला तीच खटकतेय. 'टवाळा आवडे विनोद' असं दासबोधात आहे आणि आपण अजून त्या सावलीत आहोत. खरं तर संस्कृतात विनोद म्हणजे घालवणं, दूर सारणं, 'काव्यशास्त्रविनोदेन' मध्ये वेळ चांगला घालवणं हाच अर्थ आहे. माझ्या संसारात पहिली पाच वर्षं मी काहीही गंभीर बोलले की ते हसण्यावारी नेलं जायचं. सासूबाई गेल्या त्या महिन्यात एका रात्री कपाट आवरताना त्यांचा चष्मा नवऱ्याच्या हाताला लागला, त्यानं तो स्वतःच्या नाकावर चढवला आणि अगदी आईच्या आवाजात मला म्हणाला, 'दिवे बंद केलेस का गं?' आम्ही दोघं हसलो, मग दोघं रडलो. यातलं पहिलं आणि दुसरं, दोन्हीला ह्यूमर कसं म्हणायचं? पहिल्यानं मी दूर सारली गेले, दुसऱ्यानं जवळ आले.

रानपाखरू
ताई ❤️ पहिलं चेष्टा, दुसरं थट्टा?

जुना खडू
चेष्टा म्हणजे मुळात हालचाल, प्रयत्न. बंगालीत आजही चेष्टा म्हणजे प्रयत्न करणं. मराठीनं त्याची टिंगल केली, हा अर्थाचा ऱ्हास आहे.

अर्धविराम
ऱ्हास का? आमच्याकडे 'चेष्टा करतोय गं' हे समजूत काढताना म्हणतात. दुखावणारी ती मस्करी, तिचीच कुस्करी होते.

रानपाखरू
आमच्याकडे अगदी उलट! मस्करी मायेची आणि चेष्टा बोचरी. अजून कोणाकडे काय म्हणतात?

केतकीपान
उद्या फाइल द्यायचीय 🙏 मथळ्यात तूर्त 'जीव लावून' टाकतेय, बाईंनी खोडलं तर कळवीन. आमच्याकडे चेष्टाच मायेची.