ठेंगणा फुटवा म्हणजे नवीन वाण?

स्नेक प्लांटच्या कुंडीत एक फुटवा ठेंगणा निघाला, त्याला नवीन वाण म्हणता येईल का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. संकर केल्याशिवाय वाण होत नाही असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. या झाडाचा जगभर खपणारा बुटका 'हान्नी' १९३९ साली न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत असाच आपसूक सापडला आणि १९४१ मध्ये त्याचं अमेरिकेत पेटंटही झालं. परागीकरण वगैरे काही नाही, बघणाऱ्याची नजर तेवढी तयार होती.

मात्र घाई नको. नर्सरीतून आणलेलं रोप कधीकधी पॅक्लोब्यूट्राझॉल हे वाढ रोखणारं औषध देऊन आखूड ठेवलेलं असतं (हेच आपले हापूसवाले कल्टार म्हणून आळ्यात ओततात). औषधाचा जोर ओसरला की पानं पुन्हा लांब येतात. म्हणून फुटवा मुळांसकट वेगळा करा, मूळ झाडाशेजारी त्याच मातीत, त्याच उन्हात वाढवा आणि त्याच्याही फुटव्यांचे फुटवे ठेंगणेच येतात का ते बघा.

पानाला पिवळी किनार असेल तर पानाचे तुकडे लावून रोपं करायच्या भानगडीत पडू नका. त्या तुकड्यांतून साधी हिरवी रोपं उगवतात, कारण किनारीच्या पेशी वेगळ्या थरातल्या असतात आणि नवा कोंब त्या थरातून फुटत नाही. जमिनीखालचं खोड कापूनच वाढवा. वेळ लागतो, पण किनार टिकते.

नाव काय ठेवायचं ते नंतर बघू. आधी पाच-दहा रोपं एकसारखी होऊ द्या.