एनईएस टेट्रिसच्या स्पर्धा: लेव्हल 39 चा दुप्पट वेग हवा की नको?

रेट्रोरसिक: माझं ठाम मत, नको. निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम यंत्रावरच्या 1989 च्या टेट्रिसमध्ये लेव्हल 29 पासून तुकडा दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, सेकंदाला साधारण 60) एक घर उतरतो आणि पुढे वेग वाढत नाही. आता स्पर्धांत बदललेली रॉम (खेळाचा प्रोग्रॅम असलेली चिप) लावून 39 ला फ्रेममागे दोन घरं करतात. रोलिंग, म्हणजे बटण झपाट्याने दाबण्याची पद्धत, शिकून खेळाडूंनी 29 ची भिंत फोडली, तर आयोजकांनी नवी उभारली! डिसेंबर 2023 मध्ये विलिस गिब्सन या खेळाडूने लेव्हल 157 ला पोहोचून खेळच गोठवला. या दमाला स्पर्धेत जागा नको?

उभी_पट्टी: साफ असहमत. लेव्हल 18 वरून सुरुवात केली की 130 ओळींवर 19 येते, मग दर 10 ओळींना पुढची. म्हणजे 29 येईपर्यंत 230 ओळी, आणि तेवढ्यात टेट्रिस, म्हणजे लांब पट्टीने एका फटक्यात चार ओळी, किती बसवता हीच चुरस होती. 18 ला एक टेट्रिस 22,800 गुणांचा. त्याच चार ओळी एकेक करून काढल्या तर मिळतात 3,040. ओळींना मर्यादाच नसेल तर जरा शंका आली की ओळी जाळायच्या, म्हणजे चार जमण्याआधीच काढून टाकायच्या, थर खाली ठेवायचा, घाई कसली? 39 मुळे 330 ओळींचा हिशोब परत आला.

रेट्रोरसिक: 29 नंतर थर खाली ठेवणं सोपं आहे असं का धरता?

गेमपॅड: सोपं नाहीच. उभी केलेली लांब पट्टी डाव्या भिंतीला न्यायची तर पाच घरं सरकवावी लागते. बटण दाबून धरलं तर आधी 16 फ्रेम थांबा, मग दर 6 फ्रेमला एक घर. 20 घरांची उंची तोवर संपते. म्हणून रोलिंग: अंगठा बाणाच्या बटणावर अलगद टेकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पॅडच्या पाठीवर ओळीने टकटक करायची. तरी पाच दाबांना किमान 9 फ्रेम लागतात, कारण मध्ये बटण सुटावं लागतं. 29 ला रिकाम्या पटावर साधारण 20 फ्रेम मिळतात, 39 ला 10. तिथे थर दोन-तीन ओळी चढला की डावी बाजू गेलीच. ही परीक्षा नाही, टाळं आहे.

उभी_पट्टी: टाळंच हवंय. दोघांना तुकड्यांचा क्रम सारखा दिला की निकाल 330 ओळींतल्या रचनेवर लागतो. तुमच्या दमासाठी पात्रता फेरी मोकळी ठेवा, बाद फेरीला हात लावू नका.

रेट्रोरसिक: पात्रता फेरीत दोन-दोन तास एकेक यंत्र अडलं, तर बाकीच्यांना कुठे बसवणार?