'कुजिचागुलिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
आम्ही अटलांटात राहतो. शेजारच्या आफ्रिकन-अमेरिकन आजींनी २७ डिसेंबरला क्वान्झासाठी बोलावलं होतं. हा त्यांचा सात दिवसांचा सण, दर दिवशी एक तत्त्व. चटईवर सात मेणबत्त्यांचा किनारा (दिवठाण म्हणू या) होता, मधली काळी आणि दोन्ही बाजूंना तीन लाल, तीन हिरव्या. शेजारी मक्याची कणसं, घरातल्या प्रत्येक मुलामागे एक. आजींनी विचारलं, "हबारी गानी?" (काय खबर?) आणि नातवंडं एका सुरात त्या दिवसाचं, दुसरं तत्त्व ओरडली, "कुजिचागुलिया!" मी साताऱ्याला आईला फोनवर अर्थ सांगितला, 'सक्षमीकरण'. ती म्हणाली, "कुणी केलं सक्षम?" मला उत्तर देता आलं नाही. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद :
आईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. 'सक्षमीकरण', 'सबलीकरण' या शब्दांत करणारा कुणीतरी दुसरा असतो. कुजिचागुलियात तसं नाही. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. तिच्यात 'चागुआ' म्हणजे निवडणे, 'चागुलिया' म्हणजे कुणासाठी तरी निवडणे, 'जि' म्हणजे स्वतः आणि 'कु' हा आपल्या 'णे'सारखा. म्हणजे आपल्यासाठी आपणच निवडणे. मी 'स्वयंनिर्णय' लिहीन, आणि बोलताना सरळ 'आपलं आपण ठरवणं'.

१९६५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीत कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला. पुढच्याच वर्षी मौलाना करेंगा या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी हा सात दिवसांचा सण सुरू केला. गुलामीत पूर्वजांची नावं आणि भाषा हिरावून घेतल्या गेल्या होत्या, म्हणून या तत्त्वात पहिली गोष्ट येते ती स्वतःला नाव देण्याची. 'नीग्रो' मागे टाकून 'ब्लॅक' हा शब्द त्या समाजाने अभिमानाने उचलला. १९८८मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन'चा आग्रह धरला. 'हरिजन' नाकारून 'दलित' म्हणवून घेणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने आपलं नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे बघूनच.

प्रश्नकर्ती :
'आपलं आपण ठरवणं' आईला लगेच पटेल. पण आजींसारख्यांचे पूर्वज तर बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, मग पूर्वेकडची स्वाहिली का?

प्रतिसाद :
कारण ती कुठल्या एकाच जमातीची भाषा नाही, अनेकांची व्यवहारभाषा आहे. सगळ्यांना आपली म्हणता यावी, हाच हेतू. आणि मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. 'हबारी' म्हणजे आपली खबर. सातवं तत्त्व 'इमानी', आपलं इमान. पाचवं 'निया', आपली नियत. चौथ्या 'उजामा'तला 'जमा' म्हणजे नातलग, गणगोत, आणि आपली जमात त्याच मुळाची. हे सगळे शब्द अरबीतून तिकडे समुद्रमार्गे गेले, आपल्याकडे फारसीचं बोट धरून आले. वाटेत अर्थ थोडे सरकले. आपलं इमान मुख्यतः प्रामाणिकपणा आणि निष्ठेकडे झुकलं, त्यांच्या इमानीत श्रद्धा आहे. तेव्हा तिथे 'इमान' न लिहिता 'श्रद्धा'च लिहा.

दुसरा प्रतिसाद :
तिसऱ्या 'उजिमा'साठी कोशात जाऊ नका, शेतात जा. भावाबहिणीची अडचण ती आपली मानून सगळ्यांनी मिळून सोडवायची, असा त्याचा आशय. आमच्याकडे एखाद्याची नांगरट अडली की गाव बैल घेऊन जायचं, मजुरी नाही, फक्त जेवण. त्याला इर्जिक म्हणतात.

प्रतिसाद :
इर्जिक सुंदर आहे, पण ती एका दिवसाची. उजिमात जबाबदारीही येते, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मला 'सावड' जवळचा वाटतो.

प्रश्नकर्ती :
साताऱ्याला दोन्ही शब्द कळतात. आजींना मी सावड सांगणार आहे. पुढच्या २८ डिसेंबरला त्यांनी "हबारी गानी?" विचारलं की माझी लेक उजिमाच्या पाठोपाठ तोही म्हणेल.